उमेदवारी केव्हा करावी?

"बारावीपासून पोरगं मान वर न करता अभ्यास करतंय. आता महिनाभर तरी त्याला स्वस्थ झोपू दे!" माझ्यापुढे चहाचा कप ठेवता ठेवता ताईने निकाल देऊन टाकला.

२०२४ सालच्या सुटीतली ही गोष्ट. स्थळ, पुण्यातले ताईचे घर. वादाचे कारण, तिचे चिरंजीव. स्वारीने मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली होती आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात चार आठवडे काम करायचे त्याच्या मनाने घेतले होते. पगार नाही, जाण्यायेण्याचे भाडे आणि दुपारचा चहा तेवढा कारखान्याचा.

मेहुण्यांचा आक्षेप निराळा होता. "अजून ह्याला लेथची उजवी-डावी बाजू कळत नाही. हातात झाडू देतील! दुसरं वर्ष होऊ दे, चार विषय डोक्यात जाऊ देत, मग जा म्हणावं." त्यातच शेजारच्या एका गृहस्थांनी सोपा तोडगा सुचवला होता. दोन हजार रुपये भरले की कारखान्यात पाऊलही न टाकता अनुभवाचा छापील दाखला घरपोच मिळतो म्हणे!

असला दाखला घ्यायचा नाही, एवढ्यावर आमचे एकमत झाले. उरलेल्या प्रश्नाचा निवाडा माझ्याकडे आला. मी मराठी शिकवणारा माणूस. यंत्राशी माझा संबंध पंख्याच्या बटणापुरता. पण घरात मास्तर एकच, म्हणून हा मान मला. मी मेहुण्यांच्या बाजूने कौल दिला. "आधी पाया, मग इमारत," असे काहीतरी वजनदार बोललोही.

भाच्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि सोमवारी सकाळी भोसरीची बस धरली. झोपू दे म्हणणाऱ्या ताईनेच पहाटे उठून डबा भरून दिला होता!

मेहुण्यांचे भाकीत पहिल्या आठवड्यात तंतोतंत खरे ठरले. यंत्राखालचा लोखंडाचा चुरा झाडायचा, तयार माल मोजून ट्रेमध्ये लावायचा, एवढेच काम. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्याच्या हातात मायक्रोमीटर आला. लेथवरून उतरणाऱ्या पोलादी पिनांची जाडी मोजायची. माप पन्नास मिलिमीटर. फार तर दोन शतांश मिलिमीटर कमी चालेल, त्याखाली गेली की पिन बाद. भाच्याने मन लावून बावीस पिना मोजल्या, साऱ्या पास केल्या आणि खुशीत घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पिना पुन्हा मोजल्या, तर बहुतेक बाद! रात्रीतून पोलाद झिजले की काय? लेथवरच्या वयस्क काकांनी ट्रेकडे एकदा पाहिले नि विचारले, "काल गरम असतानाच मोजल्यास ना?"

कापताना तापलेला तुकडा फुगलेला असतो. निवला की आकसतो. पन्नास मिलिमीटर जाडीची पोलादी पिन चाळीस अंश सेल्सिअसने निवली, तर तिची जाडी दोन शतांश मिलिमीटरहून थोडी अधिकच घटते. म्हणजे जेवढी सूट दिलेली, तेवढी एकट्या उष्णतेनेच गिळली! जाड राहिलेली पिन पुन्हा कापता येते. बारीक झालेली भंगारातच जाते.

त्या रात्री भाच्याचा मला फोन आला. "मामा, हे सूत्र मला अकरावीपासून पाठ आहे. परीक्षेत उदाहरणही बरोबर सोडवलं होतं. पण हातात गरम पिन असताना ते आठवलंच नाही. काकांची मेहनत माझ्यामुळे वाया गेली." आवाज रडवेला होता. मालकांनी भरपाई मागितली नव्हती. काका एवढेच म्हणाले होते, "आज जेवून ये, मग मोज."

मला माझा निवाडा आठवला. ज्या पायाची मी महती गायली, तो तर त्याच्यापाशी होताच. अन् ह्या बाबतीत मी काही अगदीच अडाणी नव्हतो. बी. ए.ला असताना एका सुटीत मी छापखान्यात मुद्रिते तपासायला बसत असे. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तोंडपाठ. तरी पहिल्याच दिवशी डझनभर चुका माझ्या नजरेतून सुटल्या. नियम ठाऊक असणे निराळे आणि नेमक्या क्षणी तो आठवणे निराळे, हे मी विसाव्या वर्षी शिकलो होतो. चाळिशी उलटल्यावर भाच्याला उपदेश करताना तेवढे साफ विसरलो!

शिक्षणाला कामाची जोड द्यावी, हा विचार तसा जुना आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभ १८५४ साली झाला, तोच सरकारी बांधकामांसाठी माणसे तयार करण्याकरिता. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ पासून अशी योजना चालवली आहे. तिची पहिली फेरी दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात असते.

हे मी मेहुण्यांना सांगितले, तर ते टाळी देत म्हणाले, "दुसऱ्या वर्षानंतर! मी तेच म्हणत होतो!" त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. दुसऱ्या वर्षानंतर जाणाऱ्या मुलाला अधिक समजते, कामही अधिक जबाबदारीचे मिळते. पण पहिल्या वर्षानंतर जाऊन आलेला मुलगा पुढच्या तीन वर्षांच्या वर्गात स्वतःचे प्रश्न घेऊन बसतो. माझ्या मते हा लाभ मोठा, आणि तो लवकर गेल्यानेच मिळतो.

मात्र काही पथ्ये पाळावीत. विषय राहिले असतील, तर आधी ते सोडवावेत. वर्षभर वसतिगृहात राहिलेल्या मुलाला घरची ओढ लागली असेल, तर त्याने खुशाल घरी जावे. पुढचा उन्हाळा आहेच. तीन-चार आठवडे पुरेत. काम मिळवण्यासाठी पैसे मोजू नयेत. पायात भक्कम बूट हवेत, बाह्या सैल नकोत, फिरत्या यंत्राजवळ हातमोजे नकोत. आणि "मुलीला कारखान्यात कशाला?" हा प्रश्न आईबापांनी मनातून काढून टाकावा, तीही तीच पदवी घेणार आहे.

काम शिकण्यासाठी बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर राहणाऱ्याला पूर्वी आपण 'उमेदवार' म्हणत असू. पुढे हा शब्द निवडणुकीने पळवला. पण त्यातली 'उमेद' मला त्या बसच्या रांगेतल्या पोरात दिसली.

चार आठवड्यांनी भाचा परतला, तो दाखला न घेताच. मागायचे राहून गेले म्हणे! येताना त्याने बाद झालेली एक पिन मागून आणली होती. ती आता मेहुण्यांच्या टेबलावर विजेच्या बिलांवर वजन म्हणून बसलेली असते. कोणी विचारले, तर मेहुणेच मोठ्या अभिमानाने तिची हकीकत सांगतात. माझा निवाडा कसा चुकला, तेही सांगतात. स्वतःचा मात्र सोयीने विसरतात!