एक टन ओतीव लोखंड आणि कार्बनचा हिशेब

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीस प्रस्थान ठेवले, त्यापूर्वी लोखंडी नांगराच्या निर्मितीचा आरंभ त्यांनी बेळगावातच केला होता. पुढे उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातील फौंड्र्या, उभ्या राहिल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल या भट्ट्यांच्या आधारानेच पेटत आली आहे. आज या व्यवसायास दोन बाजूंनी ताण आहे. एक वीजबिलाचा, दुसरा ग्राहकाच्या नव्या प्रश्नाचा : ‘हा माल घडविताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला?’ युरोपीय संघाने तर लोखंड-पोलादासह काही ठरावीक मालाच्या आयातीवर कार्बनचे मूल्य आकारण्याची व्यवस्था २०२६ पासून लागू केली आहे. तेव्हा कारखान्याने हे उत्सर्जन कमी करावे ते नेमके कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम मोजमाप. एक टन लोखंड वितळवून १५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास शास्त्राच्या हिशेबाने सुमारे ४०० युनिट वीज पुरेशी आहे. प्रत्यक्षात इंडक्शन भट्टीला ५५० ते ६५० युनिट लागतात. आपल्याकडील विजेचा मोठा भाग कोळशापासून निर्माण होत असल्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे ६०० युनिट घेणाऱ्या भट्टीतील एका टनामागे ४२० किलो झाला. भट्टीवर धूर दिसत नाही एवढेच. तो दूरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतो.

वरच्या १५०–२५० युनिटांचे काय होते? तप्त पृष्ठभागातून बाहेर पडणारी प्रारणउष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून भट्टीचे झाकण उघडे राहिले की प्रत्येक मिनिट महागात पडते. मोडीला चिकटलेली वाळूही तापते, वितळते आणि मळी होऊन फेकली जाते. तिच्यावरील वीज वाया जाते. साचे तयार नसल्यामुळे रस भट्टीत ताटकळत ठेवणे हाही तोटाच. झाकण, स्वच्छ मोड आणि वेळेचा मेळ या तीन गोष्टींस फारसे भांडवल लागत नाही. शिस्त मात्र लागते.

परंतु सर्वांत मोठी गळती भट्टीच्या बाहेर असते. ओतलेल्या १०० किलो रसापैकी रनर, रायझर आणि नापास माल वजा जाता ६० किलोच विकला गेला, तर विक्रीयोग्य टनामागे ६०० नव्हे, १००० युनिट खर्च झाले. साच्याची रचना सुधारून आणि नापास माल कमी करून हेच प्रमाण ६६ वर नेले, तर खर्च ९०९ युनिटांवर येतो. भट्टी तीच, तरी टनामागे ९१ युनिट आणि सुमारे ६४ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. म्हणून हिशेब वितळलेल्या टनाचा न ठेवता चांगल्या मालाच्या टनाचा ठेवावा.

यानंतर सहाय्यक यंत्रे. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णता होऊन जातो. म्हणून दाबाखालची हवा ही कारखान्यातील अत्यंत महाग वस्तू होय. सुट्टीच्या दिवशी, यंत्रे शांत असताना, कॉम्प्रेसर चालू करून नळवाटेने फिरल्यास गळतीचा आवाज कानाने ऐकू येतो. पंख्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे : वेग २० टक्क्यांनी उतरविला, तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते.

एवढे केल्यावर छतावरील सौरपट्ट्यांचा विचार करावा. गळती तशीच ठेवून सौरवीज घेणे म्हणजे फुटक्या घागरीसाठी नवी विहीर खणणे होय.

एक मर्यादा मात्र नमूद केली पाहिजे. टनामागील कार्बन घटला, पण उत्पादन दुप्पट झाले, तर एकूण उत्सर्जन वाढूच शकते. म्हणून ताळेबंदात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असावेत. सुदैवाने त्यांची सुरुवात कोणत्याही लहान फौंड्रीला उद्याच करता येईल. त्यासाठी विजेचे मीटर, वजनकाटा आणि नापास मालाची प्रामाणिकपणे भरलेली वही एवढी सामग्री पुरेशी आहे. त्रैराशिक तर आपण सर्वजण याच शाळेत शिकलो आहोत.