शिकारी रायफलची नळी आणि अ‍ॅक्शन : गिऱ्हाईक व कारागीर, दोघांनी काय पाहावे?

बाळापूरच्या आमच्या एका परिचित टर्नर बंधूंकडे एक शेतकरी वडिलांच्या वेळची पॉइंट 315 रायफल घेऊन आला. परवाना वडिलांच्या पश्चात रीतसर त्याच्या नावावर झालेला. तक्रार अशी की गोळी नेम धरलेल्या जागी लागत नाही, नळी झिजली आहे, तेव्हा लेथवर नवी नळी तयार करून बसवून द्या, पैसे सांगाल तितके देतो. आमचे बंधू हुन्नरात कुणाला हार जाणारे नाहीत. तरी त्यांनी काम हातात घेतले नाही आणि संध्याकाळी आमच्याकडे विचारायला आले. त्यांनी तसे केले म्हणूनच आज हा लेख लिहिता येत आहे.

प्रथम कायदा, कारण त्यात चूक झाली तर पुढचे सारे व्यर्थ. शस्त्र कायदा 1959 मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भाग येतात आणि शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम 5 प्रमाणे शस्त्र बनविणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे किंवा तपासणे, यांपैकी काहीही धंदा म्हणून करायचे तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. गिऱ्हाईकाजवळ परवाना आहे म्हणून कारागीर सुटत नाही. नळी कापून आखूड करण्याला तर कलम 6 हे स्वतंत्र कलम आहे. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनविण्याची शिक्षा कमीत कमी 7 वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली आहे. चार दिवसांच्या मजुरीसाठी एवढे ओझे कोण उचलणार?

शिकारीचेही तसेच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात आधी परवान्याने काही शिकार करता येत असे. 1991 च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरांबाबत कलम 11 खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, आणि वऱ्हाडात रानडुक्कर व नीलगाय यांनी शेतकऱ्याला किती जेरीस आणले आहे हे आम्ही वेगळे सांगायला नको. (डुकराचा आपल्याला काही उपयोग नाही, पण हरभऱ्याचा आहे!) परवानगी हातात नसताना मात्र रायफल कितीही उत्तम असो, ती घरातच बरी.

आता मुख्य विषय. परदेशात गिऱ्हाईक अ‍ॅक्शन एका ठिकाणाहून, नळी दुसऱ्या ठिकाणाहून घेतो आणि बंदूकसाज करणाऱ्याकडून आपल्या पसंतीची रायफल जुळवून घेतो. अमेरिकेत हा मोठा धंदा आहे. आपल्याकडे ती सोय नाही, पण जुनी रायफल विकत घेताना किंवा दुरुस्तीला देताना प्रश्न तेच असतात. म्हणून ही माहिती व्यापाऱ्यालाही हवी, परवानाधारकालाही हवी.

पहिला प्रश्न काडतुसाचा. लोक नळीपासून सुरुवात करतात, हे उलटे आहे. काडतूस ठरले की अ‍ॅक्शन ठरते, अ‍ॅक्शन ठरली की नळी. आपल्या देशात तर काडतूस निवडण्याचे काम बरेचसे सरकारनेच करून ठेवले आहे, आणि ते आजचे नाही. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हिंदुस्थानात पॉइंट 450 बोअरवर बंदी घातली. सैन्याच्या बंदुकीची काडतुसे बंडखोरांच्या हाती जाऊ नयेत हा हेतू. त्यामुळे लंडनच्या बंदूकवाल्यांना केवळ हिंदुस्थानच्या गिऱ्हाईकासाठी पॉइंट 465, पॉइंट 470 असे नवे बोअर काढावे लागले. पॉइंट 303 ही फौजेची रायफल, म्हणून खासगी माणसासाठी त्याच धर्तीच्या रायफलीला पॉइंट 315 ची नळी बसली. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच परंपरा चालविली. हा कारखाना 2021 पासून अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे. पॉइंट 303 आणि 7.62 मिलिमीटर आजही निषिद्ध बोअर आहेत. शेतकऱ्याची ती पॉइंट 315 म्हणजे कायद्याने नळी बदललेली फौजी रायफलच होय.

आता अ‍ॅक्शन. काडतूस नळीत ढकलणारा, मागून दार बंद करणारा आणि रिकामे टोपण बाहेर काढणारा जो सांगाडा, तो अ‍ॅक्शन. बाराच्या बंदुकीत दाब चौरस इंचाला साधारण 11,500 पौंडांपर्यंत जातो. पॉइंट 30-06 च्या रायफलीत तो 60,000 पौंडांपर्यंत. हे सारे बोल्टच्या कानांवर तोलले जाते. 1898 च्या माउझर अ‍ॅक्शनला दोन मोठे कान पुढे, काडतुसाच्या अगदी जवळ असतात. ली-एनफिल्ड पद्धतीत, म्हणजे आपल्या पॉइंट 315 मध्ये, ते मागे असतात. मागचे कान चालतात उत्तम, बोल्ट झपाझप फिरतो, पण जोरदार काडतुसात बोल्ट किंचित दबतो आणि सांगाडा ताणला जातो. म्हणून एनफिल्डच्या सांगाड्यावर ज्यादा दाबाच्या काडतुसाची नळी चढवू नये. ईशापूरने 1960 च्या दशकात तोच सांगाडा 7.62 साठी वापरला तेव्हा पोलादच अधिक मजबूत घेतले होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणखी एक बाब. पॉइंट 315 च्या काडतुसाला मागे कडा असते, एनफिल्डचे मॅगझिन त्यासाठीच आहे. माउझर मुळात बिनकडेच्या काडतुसासाठी. त्याच्या मॅगझिनमध्ये कडा एकमेकींत अडकतात. जिम कॉर्बेट यांना 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट मिळालेली रिग्बी कंपनीची पॉइंट 275 ही माउझर अ‍ॅक्शनचीच, आणि तिचे काडतूस बिनकडेचे. ‘अमक्याची अ‍ॅक्शन, तमक्याची नळी’ असा मेळ सांगणारा दलाल भेटला तर एवढा एकच प्रश्न विचारावा : काडतुसाला कडा आहे की नाही?

नळीत पाहायचे ते पोलाद, आट्यांचा पीळ, लांबी आणि तोंड. पोलाद क्रोम-मॉलिब्डेनमचे किंवा खास स्टेनलेसचे. बाजारातला पाइप हा पाइपच राहतो, त्याला रंधा मारून नळी होत नाही. वर दाबाचे आकडे दिलेच आहेत. पिळाचा हिशेब असा की गोळी जितकी लांब व जड, तितका पीळ घट्ट लागतो. पॉइंट 22 च्या छोट्या गोळीला 16 इंचांत एक फेरा पुरतो, पॉइंट 30-06 ला 10 इंचांत एक लागतो. लांबीबाबत 22 ते 24 इंच शिकारी रायफलीला पुरे. इंचभर नळी कमी झाली तर गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 20 ते 25 फूट घटतो, त्याने जनावराला काही फरक पडत नाही. जाड नळी शर्यतीच्या नेमबाजाला हवी. शेताच्या बांधावर पहिली गोळीच महत्त्वाची, तिथे पातळ नळी खांद्याला सुखाची.

नळी बनविण्याच्या हुन्नरात आपल्या पूर्वजांचा वाटा मोठा आहे. अबुल फज्लच्या आईने-अकबरीत वर्णन आहे की पूर्वी लोखंडाच्या पट्ट्याच्या दोन कडा नुसत्या जोडीत, त्यामुळे अपघात फार होत. अकबराच्या कारखान्यात पट्टा तिरपा पीळ देऊन गुंडाळू लागले आणि घड्या एकमेकींवर चढवून तापवून जोडू लागले. आधी पाव नळीपेक्षा जास्त दारू भरता येत नसे, आता काठोकाठ भरली तरी फुटत नाही, असे त्याने नमूद केले आहे. गाय जुंपून एका चाकावर 16 नळ्या साफ करण्याचे यंत्रही त्यात आहे. आणि प्रत्येक बंदुकीवर कारागिराचे नाव, ठिकाण, तारीख व नंबर कोरत. नंबर हा इंग्रजांचा शोध नव्हे!

त्या नंबरावरून सांगायचे तर परवान्यावर हत्याराचा बोअर व नंबर नोंदलेला असतो. नळी बदलून बोअर बदलला तर कागदावर ते हत्यारच वेगळे झाले, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाची मंजुरी आधी, काम नंतर. 2019 पासून एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात, म्हणून ‘जुनी राहू दे, एक नवी घेऊ’ हा हिशेबही मोजून करावा. परदेशातील भावाकडून नळी मागवू नये. परवान्याशिवाय शस्त्राचा भाग देशात आणणे हा कलम 10 चा भंग आहे. परवानाधारक बंदूक विक्रेत्यामार्फत कुंद्याचे लाकूडकाम मिळाले तर सुतार बांधवांनी पावती घेऊन जरूर करावे. चामड्याचा पट्टा व पिशवी यांना तर कोणतीच अडचण नाही, आणि आपल्याकडे मोची-चामडेवाले कारागीर कमी नाहीत.

त्या शेतकऱ्याला आमच्या टर्नर बंधूंनी परवाना, पावती आणि रायफल घेऊन दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानी पाठविले. तेथील मिस्त्रीने आधी नळीत प्रकाश टाकून पाहिले. आटे शाबूत होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार आत राहतो, तो आपल्या पावसाळ्यातील दमट हवा ओढून घेतो आणि गंज धरतो. त्यावर तांब्याचा थर चढलेला. अशा काडतुसांनंतर नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल द्यायचे असते, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हते. दोन दिवस साफसफाई झाली, नळीच्या तोंडावरची एक खोच काढली, कुंद्याचे सैल स्क्रू आवळले. नवी नळी लागलीच नाही. बिल टर्नर बंधूंना देऊ केलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाइतकेही झाले नाही, आणि शेतकऱ्याने परत येताना त्यांच्याकडे विहिरीच्या पंपाचा शाफ्ट करायला टाकला.