संगणकावरील शिलेदारी

खेळ म्हटला कीं त्यास शेवट असावयाचाच, अशी आमच्या पिढीची समजूत. बुद्धिबळांत राजा कोंडला कीं डाव संपला. परंतु मुलुंडास आमच्या घरीं सध्यां संगणकावर जो खेळ चालतो, त्यांत शेवट म्हणून कोठेंच दिसेना. तेव्हां दोन रविवार नातवाच्या शेजारीं बसून आम्हीं तो नीट पाहिला.

'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' हें त्याचें नांव. तुर्कस्तानांत अंकारा येथील टेलवर्ल्ड्स या मंडळीनें २०१० सालीं तो प्रसिद्ध केला. (मूळ खेळ २००८ चा, 'बॅनरलॉर्ड' हा पुढील अवतार २०२२ सालीं पूर्णत्वास आला.) स्थळ कॅलराडिया नांवाचा कल्पित देश, काळ आपल्या यादवकालासारखा, आणि सहा राज्यें एकमेकांशीं झगडत असलेलीं. खेळणारापाशीं आरंभीं एक सामान्य घोडा, जुजबी हत्यार व थोडे पैसे असतात. पुढें व्यापार करावा, कोणा राजाची चाकरी धरावी, वाटमारी करावी कीं स्वतःचें राज्य स्थापावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर, हें वाचकांस ठाऊक आहेच. हा खेळ शिलेदाराचा.

लढाईची योजना आम्हांस फार आवडली. माउस ज्या दिशेस हलवावा त्या दिशेनें वार होतो : डावा, उजवा, डोक्यावरून किंवा खुपसून. ढाल नसेल तर शत्रूचा वार कोठून येतो हें ओळखून तीच बाजू अडवावी लागते. घोड्याचा वेगही हिशेबांत धरलेला असल्यानें, भाला काखेंत दाबून भरधाव गेल्यास एकाच धडकेंत गडी लोळतो. दांडपट्ट्याचे हात ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस यांतील मर्म कळेल.

परंतु खरा खेळ जमाखर्चाचा आहे. दर आठवड्यास शिपायांचा पगार चुकवावा लागतो. दाणागोटा संपला कीं फौजेचा धीर खचून माणसें पळूं लागतात. उलट भाकरीच्या जोडीस लोणी, मध, मासे असे प्रकार असले तर ती खूष. आणि शिपाई यावयाचे कोठून, तर खेड्यांतून!

दुसऱ्या रविवारीं तिजोरींत खडखडाट होता. नातवानें एक खेडें लुटून जाळलें. आमच्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "त्या घरांतलीं माणसें कुठें गेलीं रे?"

"पगार द्यायचा होता," एवढेंच तो बोलला.

पुढें त्याच खेड्यांत तो भरतीस गेला, तों एकही गडी मिळेना. मग शहरांतील खानावळींतून भाडोत्री शिपाई दुप्पट खर्चानें ठेवावे लागले. तेव्हां आम्हीं त्यास शिवछत्रपतींचें चिपळूणच्या तळावरील लष्करास गेलेलें पत्र वाचून दाखविलें. दाणा व वैरण पावसाळाभर पुरवून खर्चावी, रात्रीं दिवा जळता ठेवूं नये, नाहींतर उंदीर वात नेईल आणि गवत पेटेल, रयतेस काडीचाही उपद्रव देऊं नये, इतकें बारीक लिहिणारा राजा! लुटीनें रयत तुटते, हें या तुर्की मंडळीस उमगलेलें आहे. मात्र त्यांच्या घोड्यास चारा लागत नाहीं! माणसें उपाशीं राहिलीं तर पळतात, घोडीं निराहार दौडतात. शिलेदाराची निम्मी चिंता येथेंच नाहींशी झाली, आणि पावसाळ्याची छावणीही गेली.

हें ऐकून नातवानें सांगितलें कीं, या खेळांत ज्यास येईल त्यानें फेरफार करावे, अशी मुभा आहे. त्यास 'मॉड' म्हणतात. 'तर मग वैरण घाल,' आम्हीं म्हटलें. सभासदाच्या बखरींतून पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद, हा हिशेब त्यास उतरून दिला आहे. तो कागद त्यानें संगणकाच्या पडद्यास चिकटविला आहे. चंदीचें कोष्टक मात्र अजून मागितलेलें नाहीं.