स्वयंभू गंधार आणि संगणकाचा तंबोरा

श्रीगणेशाच्या आगमनाची चाहूल लागली, की जालन्याच्या घराघरांतून टाळांचे जोड माळ्यावरून खाली येतात, झांजा चिंच लावून उजळल्या जातात. ज्या समर्थ रामदासांची आरती उभा महाराष्ट्र गणरायापुढे म्हणतो, त्यांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यातले. अंगारकीला राजूरच्या महागणपतीकडे भजन करीत पायी निघणारे भाविकही इथलेच. अशा भूमीत, आणि तेही सणाच्या पानावर, संगणकातून निघणाऱ्या स्वराविषयी लिहावे काय, असा संकोच आम्हास प्रथम वाटला. तथापि गेल्या भाद्रपदात घरीच जे घडले, ते वाचकांस सांगावेसे वाटते.

आमच्याकडे गणपतीपुढे दहाही दिवस भजन बसते. स्थापनेच्या आदल्या दिवशी गवसणी काढली, तो तंबोऱ्याचा भोपळा तडकलेला! धाकट्या चिरंजीवांनी तत्काळ उपाय काढला. त्यांच्या संगणकावर ‘सर्ज एक्सटी’ नावाचा सिंथेसायझर होता. वाद्य म्हणावे तर तेथे ना लाकूड, ना तार. निव्वळ आकडेमोड, आणि तीही विनामूल्य मिळणारी. अशी यंत्रे आपल्या देशास अगदीच नवीन नव्हेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता. मात्र त्याने कपाटाएवढी जागा अडवली होती; हा मांडीवर मावत होता.

पहिल्या संध्याकाळी चिरंजीवांनी षड्ज-पंचम लावले आणि भरणा व्हावा म्हणून मंद गंधारही मिसळला. स्वर निर्मळ होता, अगदी काचेसारखा. आमचे भजनी बुवा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “स्वर बरोबर आहे हो, पण गळा टेकवायला जागा नाही. आणि तो गंधार थरथरतोय.”

बुवांनी यंत्र कधी हाताळलेले नाही. परंतु त्यांच्या कानाने नेमके दोष पकडले. पट्टीच्या वाद्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. षड्ज २४० कंपनांचा मानला, तर शुद्ध गंधार ३०० चा हवा. या वाटणीत तो ३०२ च्या थोडा वर जातो. फरक दिसावयास क्षुल्लक, परंतु त्या दोन स्वरांचे वरचे अंश एकमेकांवर आदळून सेकंदाला नऊ-दहा हेलकावे उठतात. याच स्थिर पट्ट्यांच्या दोषावरून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दार बंद ठेवले होते. (भजनातून मात्र पेटी कोणी हलवू शकले नाही, हेही खरे.)

मुळात तंबोऱ्यात गंधार कोणी घालीत नाही. खर्जाची तार नीट लागली, की तिच्या पाचव्या अंशातून तो आपोआप उमटतो, म्हणून तर त्यास स्वयंभू म्हणावयाचे. त्याला वाट करून देते ती जवारी: घोडीचा किंचित उतरता माथा आणि तारेखाली सरकवलेला बारीक दोरा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले, की तार जेथे छेडली असता जे अंश मुके राहावयास हवेत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात.

चिरंजीवांनी ती रात्र जागून काढली. तार उभी करण्याची एक युक्ती कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली प्रसिद्ध केली होती, तिच्या वंशातली रीत या यंत्रातही आहे. सेकंदाला ४४,१०० आकडे खर्ची पडत असतील आणि १२० कंपनांचा खर्ज हवा असेल, तर सुमारे ३६७ आकड्यांचा फेरा घ्यावयाचा, त्यात निव्वळ खरखर भरावयाची आणि प्रत्येक फेऱ्यात शेजारच्या आकड्यांची सरासरी काढीत जावयाचे. खरखर निवळते आणि छेडलेली तार उरते! पुढे त्यांनी मिसळलेला गंधार काढून टाकला, तारेला थोडी धार दिली, आणि छेडीनंतर वरचे अंश सावकाश उमलावेत अशी फिल्टरची चाळणी फिरवली. दुसऱ्या संध्याकाळी बुवांनी षड्ज लावला आणि काही न बोलता पुढचा अभंग घेतला.

याच यंत्रातून मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांचा छाती दडपविणारा दणकाही निघतो, हे आम्ही विसरलेलो नाही. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. ती कोणी पाळताना दिसत नाही.

पाचव्या रात्री भजन आटोपले, पाने वाढली, जेवणे झाली, सगळे निजले. पहाटे तीनच्या सुमारास मातोश्री उठल्या. देवघरात समई शांत झालेली आणि तंबोरा मात्र चालू. “गाणारं कुणी नाही, छेडणारं कुणी नाही, मग देवापुढे हे काय चाललंय?” असे म्हणून त्यांनी संगणकाचे झाकण मिटले. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहाऱ्याचा माणूस ती गळ्यात घेऊन उभा असतो. अखंडपणा त्या उभ्या माणसाचा असतो, आवाजाचा नव्हे, हे आम्हास त्या पहाटे उमगले.

उरलेले पाच दिवस चिरंजीव यंत्राशेजारी मांडी घालून बसले, बुवांनी खूण केली की आवाज उतरवीत, गाणे संपले की थांबवीत. तडकलेला तंबोरा दिवाळीनंतर मिरजेस धाडला. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आता नवा भोपळा बसून तो परत आला आहे. जवारी अजून किंचित कोरडी बोलते, बुवा येऊन दोरा सरकवून देणार आहेत.