बियाण्यांच्या राजधानीत परसबागेला बी मिळेना? जालनेकरांनी बी आणि रोपं कुठून, कशी घ्यायची

जालन्यात बियाणं मिळत नाही, असं म्हटलं तर कुणीही हसेल. देशाच्या बियाणे उद्योगाची राजधानी म्हणून हे शहर ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथंच महिको कंपनी सुरू केली. या कामासाठी त्यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे बेजो शीतल, कलश, कृषिधन अशी नावं याच मातीतून उभी राहिली. विशेष म्हणजे बारवालेंची सुरुवात कापसापासून नाही, तर एका भाजीपासून झाली होती. ती भाजी म्हणजे 'पुसा सावनी' जातीची भेंडी.

पण घरामागं दहा टोमॅटो, पाच वांगी आणि दोडक्याचे दोन वेल लावायचे म्हणून तुम्ही कृषी सेवा केंद्रात गेलात, तर काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती एकर आहे?"

पाकीट एकराचं, गरज दहा रोपांची

हा प्रश्न दुकानदाराच्या दृष्टीनं बरोबरच आहे. बाजारातली पाकिटं शेतासाठी भरलेली असतात, परसबागेसाठी नाही. एक साधं गणित करू. एक ग्रॅम टोमॅटोच्या बियाण्यात साधारण 300 बिया असतात. म्हणजे दहा ग्रॅमच्या पाकिटात तीन हजार. एका घराला बारा झाडं पुरतात असं धरलं, तर त्या एका पाकिटात अडीचशे घरांची टोमॅटोची सोय आहे. तुम्ही मात्र पैसे पूर्ण पाकिटाचे देता, बारा बिया लावता आणि उरलेलं पाकीट फडताळात जातं. पुढच्या वर्षी तेच बी टाकलं की निम्मं उगवत नाही. मग 'कंपनीनं फसवलं' असं म्हणून विषय संपतो.

दुसरी बाजू जास्त टोचणारी आहे. जालना, जाफराबाद आणि शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेकडो शेतकरी शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं बीजोत्पादन करतात. हातानं परागीकरण करण्याचं चिकाटीचं काम बहुतेक बायाच करतात. फळ पिकलं की फोडून बी काढायचं, धुवायचं, वाळवायचं आणि करारानुसार कंपनीला द्यायचं. या बियांची झाडं दूरदूरच्या शेतात उभी राहतात. त्याच गावांमधली अनेक घरं भाजी मात्र आठवडी बाजारातून विकत आणतात. शेतात सोयाबीन आणि कापूस, घरामागं मोकळी जागा, आणि उन्हाळ्यात भाजीचे भाव चढले की ताटात बटाटा किंवा बेसन.

संकरित, सुधारित, गावरान: फरक काय?

परसबागेसाठी सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. 'हायब्रिडचं बी पुन्हा उगवतच नाही' हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. ते उगवतं. फक्त दोन वेगळ्या आई-बापांच्या संकरातून आलेलं असल्यानं पुढच्या पिढीत गुण फुटतात. एका झाडाला गोल फळ, दुसऱ्याला लांबट, तिसरं रोगाला लगेच बळी पडणारं. शेतकऱ्याला हा जुगार परवडत नाही. परसबागेत तो फार महागात पडत नाही, पण भरवसाही राहत नाही.

सुधारित, म्हणजे सरळ वाणाचं तसं नसतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं दिलेली 'परभणी क्रांती' भेंडी, बंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेची 'अर्का अनामिका' भेंडी, 'पुसा रुबी' टोमॅटो, 'मांजरी गोटा' वांगी हे सगळे सरळ वाण आहेत. एकदा बी आणलं आणि नीट राखलं तर पुढची काही वर्षं घरचंच बी वापरता येतं. उत्पादन संकरितपेक्षा कमी, पण घराला लागतं त्याहून जास्तच.

गावरान बी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात राखलेलं. त्याला पाकीट नाही, लेबल नाही, ते माणसांकडून माणसांकडे जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भाज्या आणि धान्यांची अशी शेकडो बियाणी जमवून बियाणे बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री जाहीर झाली 2020 मध्ये. जालन्याच्या दगडी ज्वारीलाही 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेही घरोघरी बी राखलं गेलं म्हणूनच. भाज्यांच्या बाबतीत आपण इतके नशीबवान नाही. तुमच्या आजीच्या वेळचं काटेरी वांगं आज गावात कुणाकडे आहे, हे एकदा विचारून बघा.

मग बी मिळेल कुठं?

जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक खरपुडीला आणि दुसरं बदनापूरला. परसबागेसाठी कोणतं बी, कोणतं रोप उपलब्ध आहे, हे आधी तिथं विचारा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात 18 मे च्या सुमारास खरीप मेळावा आणि 17 सप्टेंबरच्या सुमारास रब्बी मेळावा होतो. भर सोयाबीन, तूर, ज्वारीवर असतो, पण भाजीपाल्यावर बोलायला शास्त्रज्ञ समोर भेटतात, हा फायदा मोठा. राष्ट्रीय बीज निगमचं छोट्या पाकिटातलं भाजीपाला बियाणं ऑनलाइनही मागवता येतं.

गावात 'उमेद'चे बचत गट असतील तर आणखी सोपं. या अभियानात पोषण परसबागेची मोहीम राबवली जाते. तसं काही चालू नसलं तरी गटातल्या दहा-बारा जणींनी मिळून पाकिटं घेतली आणि वाटून घेतली, तर वरचं अडीचशे घरांचं गणित तुमच्या बाजूनं फिरतं. मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त आणि शहाणा मार्ग हाच.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. सोशल मीडियावर निळ्या स्ट्रॉबेरीच्या, सप्तरंगी मिरचीच्या बियांच्या जाहिराती फिरतात. फोटो संगणकावर रंगवलेला असतो, बी कशाचं आहे देव जाणे. न मागवता आलेलं पार्सल तर उघडूही नका. 2020 मध्ये अमेरिकेसह अनेक देशांत लोकांच्या घरी अशी अनोळखी बियाण्यांची पाकिटं आली होती. त्यातून परकीय तण किंवा रोग येऊ शकतात म्हणून आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानंही त्या वेळी राज्यांना सावध केलं होतं.

पाकिटावर काय वाचायचं?

किंमत आणि फोटो सगळेच बघतात. त्यापेक्षा चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख बघा. प्रमाणित बियाण्याला चाचणीपासून साधारण नऊ महिन्यांची मुदत असते. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बी, हिरवट लेबल म्हणजे 'सत्यप्रत', ज्यात गुणवत्तेची हमी कंपनी स्वतः देते. भाजीपाल्यात बहुतेक पाकिटं सत्यप्रतच असतात, त्यात गैर काही नाही. उगवणशक्तीची किमान मर्यादा सरकारनं ठरवून दिलेली आहे. टोमॅटो आणि वांग्याला ती 70 टक्के, भेंडीला 65, मिरचीला 60. म्हणजे मिरचीच्या शंभरातल्या चाळीस बिया उगवल्या नाहीत तरी कायद्यानं ते बी चांगलंच. त्या हिशेबानं थोडं जास्त टाका.

आणि ते पाकीट दुकानात कुठं लटकलंय, हेही बघा. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आहे. साठवणीचं तापमान पाच अंशांनी वाढलं की बियाण्याचं आयुष्य निम्मं होतं. 25 अंशांवर ठेवलेलं बी आणि मे महिन्यात पत्र्याखाली 40 अंशांत तापलेलं बी, यांत तीन टप्प्यांचा फरक पडला. म्हणजे आयुष्य एक अष्टमांश! पाकिटावरची तारीख ताजी असली तरी आतलं बी म्हातारं असू शकतं.

शंका असेल तर घरीच उगवण तपासा. सोयाबीनसाठी दर वर्षी करतो तसंच. ओल्या कापडात किंवा कागदात वीस बिया गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. भेंडी, चवळी, काकडी चार-सहा दिवसांत दिसते, मिरची-वांग्याला दोन आठवडे लागतात. गुलाबी किंवा निळा रंग लावलेल्या बियांना औषध लावलेलं असतं. हात धुवा आणि उरलेलं बी कोंबड्यांपुढे टाकू नका.

रोप घ्यायचं की बी टाकायचं?

भेंडी, गवार, चवळी, मेथी, पालक, कोथिंबीर यांचं बी थेट जमिनीत टाका. काकडी, दोडका, कारलं, दुधीही थेट आळ्यात लावता येतात. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांना मात्र रोप लागतं. दहा-वीस झाडांसाठी पूर्ण पाकीट घेण्यापेक्षा नर्सरीतून ट्रेमधली मोजून रोपं आणणं परवडतं. शेडनेटमधल्या भाजीपाला नर्सरी जालन्याच्या आसपास बऱ्याच आहेत. त्या हजारांत ऑर्डर घेतात, पण कुणाची मोठी ऑर्डर उचलली गेली की ट्रेमध्ये चार-दोन ओळी उरतात. त्या मागा.

टोमॅटोचं रोप 25 ते 30 दिवसांचं आणि मिरचीचं 35 ते 40 दिवसांचं असावं. उंच, पिवळट, लवचीक रोप म्हणजे सावलीत वाढलेलं. ते बाहेरच्या उन्हात मान टाकतं. बुटकं आणि जाड खोडाचं घ्या. ट्रेमधून एक उपसून मुळं बघा. पांढरी असली तर चांगलं, तपकिरी असली तर नको. फूल आलेलं रोप आकर्षक दिसतं, पण ते वय उलटलेलं असतं. पानं वाटीसारखी मुडपलेली दिसली तर तो बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा. विषाणूमुळे आलेला असेल तर त्याला औषध नाही आणि पांढरी माशी तो तुमच्या शेजारणीच्या मिरचीवरही नेते. आठवडी बाजारात ओल्या फडक्यात बांधलेली जुडी घ्यायचीच असेल, तर सकाळी घ्या आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर लावा.

घरचं बी राखायचं असेल तर

टोमॅटो, घेवडा, चवळी, मेथी यांपासून सुरुवात करा. या पिकांत परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे भेसळ कमी. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून 25 मीटर अंतर पुरतं, भोपळावर्गीय वेलांना मात्र 500 मीटर लागतं. शेजारच्या वाड्यात वेगळ्या जातीचा दुधी असेल, तर मधमाशी कुंपण बघत नाही. त्यासाठी उद्या उमलणारं मादी फूल आणि नर फूल संध्याकाळीच दोऱ्यानं बांधून ठेवायचं, उमलायच्या वेळी हातानं पराग लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. बीजोत्पादनाच्या शेडमध्ये काम केलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

राखलेलं बी शेजारी देणं गुन्हा आहे का? नाही. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही, एवढंच.

विकतचं बी उगवलंच नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्यासाठी बिल, रिकामं पाकीट आणि थोडं शिल्लक बी हवं. रक्कम लहान असली तरी बिल मागा. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.