संगणकावरची करवत आणि मेकॅनिकची कानस

चेनसॉच्या कार्ब्युरेटरवर पूर्वी तीन स्क्रू असत. एक आयडलिंगचा, एक कमी फेऱ्यांवरच्या पेट्रोलचा आणि एक पूर्ण थ्रॉटलवरच्या पेट्रोलचा. अमेरिकेच्या वायव्येला, ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत डग्लस फरची झाडं पाडणारे लोक तिसरा स्क्रू कानाने लावत. करवत लाकडाबाहेर धरून पूर्ण रेस केली की इंजिनाचा आवाज किंचित फडफडायला हवा. पेट्रोल गरजेपेक्षा थोडं जास्त आहे, म्हणून एक आड एक स्फोट हुकतो आहे, असा त्याचा अर्थ. बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी, लाकडात उतरला की भार येतो, फेरे उतरतात, फडफड थांबते आणि आवाज सलग, स्वच्छ होतो. हा बदल ऐकू आला की स्क्रू सोडून द्यायचा. २०१० च्या आसपास स्टिल कंपनीची एम-ट्रॉनिक आणि हस्कव्हार्ना कंपनीची ऑटोट्यून या पद्धती व्यावसायिक करवतींवर आल्या, आणि पेट्रोलचे दोन्ही स्क्रू गेले. त्यांच्या जागी विजेवर उघडमीट करणारा एक छोटा व्हॉल्व्ह आणि इग्निशन कॉइलमध्येच बसवलेला संगणक आला. तेव्हापासून करवतीची ताकद वाढवून देणाऱ्या कारागिरांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, संगणक आला, आता हा धंदा संपला. दुसरा म्हणतो, उलट बरं झालं, आता इंजिनात काहीही करा, संगणक सांभाळून घेईल. दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि दोन्हींची चूक एकच आहे. संगणकाच्या हातात पेट्रोल आहे, ठिणगी आहे. ताकद मात्र हवेतून येते, आणि हवेचा रस्ता आजही धातूत कोरलेला आहे.

संगणकाला काय कळतं आणि काय कळत नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. गाडीच्या इंजिनात धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. कार्ब्युरेटरवाल्या चेनसॉत तो नाही. बॅटरीही नाही, फ्लायव्हीलच्या चुंबकातून मिळेल तेवढ्या विजेवर सगळं चालतं. संगणकाला कळतात ते मुख्यतः फेरे. तो क्षणभर पेट्रोल बदलतो आणि फेऱ्यांवर काय परिणाम होतो ते बघतो. पेट्रोल कमी करताच फेरे वाढले तर आधी ते जास्त होतं, पडले तर आधीच कमी होतं. थोडक्यात, जुना लाकूडतोड्या कानाने जे करायचा तेच हा करतो, फक्त दिवसभर न थकता. उंची बदलली, उन्हं चढली, एअर फिल्टर भुशाने भरला, पेट्रोल निराळं निघालं, तरी तो जुळवून घेतो आणि शेवटची जुळणी लक्षात ठेवतो. मोठी दुरुस्ती झाली की एम-ट्रॉनिकच्या करवतीला नव्याने कॅलिब्रेट करावं लागतं. आधी आयडलिंग, मग साधारण अर्धा ते दीड मिनिट सलग पूर्ण थ्रॉटल. फेरे स्पष्ट उतरल्याचं ऐकू आलं की काम झालं. पण सिलिंडरचा पोर्ट कुणी रुंद केला, सायलेन्सर कुणी उघडला, यातलं संगणकाला काहीच माहीत नसतं. त्याला परिणाम दिसतो, कारण दिसत नाही.

आता हवेकडे. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन स्वतःच खालीवर होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो आणि झाकतो. धूर जायचं दार आधी उघडतं, मग खालच्या क्रँककेसमधून ताजं मिश्रण वर येतं आणि उरलेला धूर बाहेर ढकलतं. ही दारं किती उंच, किती रुंद, कुठल्या कोनात आणि कधी उघडतात, यावर इंजिन किती श्वास घेतं ते ठरतं. महाराष्ट्रात यामाहा आरएक्स १०० चं पोर्टिंग, म्हणजे ही दारं घासून बदलण्याचं काम, करणारे मेकॅनिक अजून आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. पण त्यांच्या आणि चेनसॉवाल्यांच्या कामात एक मोठा फरक आहे. मोटरसायकलला पोटात फुगलेला लांब सायलेन्सर लावता येतो आणि त्यातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. हातात धरायच्या करवतीवर त्याला जागा नाही, तिथे मुठीएवढ्या डब्यावर भागवावं लागतं. म्हणून करवतीत एकट्या पोर्टिंगमधून मिळणारी वाढ मर्यादित असते, आणि दार जास्त उंच नेलं तर ताजं मिश्रणही धुराबरोबर निघून जातं. शिवाय आजच्या बहुतेक व्यावसायिक करवतींत आधी शुद्ध हवेचा एक थर आत सोडतात, म्हणजे धुराबरोबर बाहेर जाते ती हवा, पेट्रोल मागे राहतं. ही हवा पिस्टनच्या बाजूला कोरलेल्या खाचांतून जाते. या खाचा आणि दारं यांची जुळणी बिघडली की हवा आणि मिश्रण भलत्याच वेळी एकमेकांत मिसळतात. जुन्या करवतीवर हात बसलेला कारागीर नव्या सिलिंडरवर चुकतो, तो संगणकामुळे नाही, या खाचांमुळे.

काम कसं चालतं ते एका टप्प्यावर थांबून बघण्यासारखं आहे. पिस्टन सगळ्यात वर गेल्यावर त्याच्या कडेत आणि हेडमध्ये किती फट उरते, हे आधी मोजतात. त्यासाठी सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत सरकवायची, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवायचं, क्रँक एकदा फिरवायचा आणि चेपटलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं. ही फट अर्धा मिलिमीटरच्या आसपास आणण्याकडे कारागिरांचा कल असतो. कंपनीकडून ती बहुधा जास्त येते, म्हणून सिलिंडरच्या बुडाची गॅस्केट काढून त्या जागी पातळ सीलंट लावतात. एवढ्यानेच कॉम्प्रेशन वाढतं. पण सिलिंडर खाली बसला की त्याच्याबरोबर सगळी दारंही खाली बसतात. धुराचं आणि मिश्रणाचं दार उशिरा उघडू लागतं, आत घेण्याचं दार लवकर. म्हणून क्रँकवर अंशांची चकती लावून प्रत्येक दार किती अंशांवर उघडतं ते पुन्हा बघायचं. कामाच्या करवतीत धुराचं दार वरच्या बिंदूनंतर सुमारे १०० अंशांवर आणि मिश्रणाचं त्यानंतर साधारण २० अंशांनी उघडावं, असा एक रूढ हिशेब आहे. मधल्या त्या २० अंशांत सिलिंडरमधला दाब उतरतो. तो उतरला नाही तर धूर उलटा खाली शिरतो. मग काटकोनी हँडपीसला बारीक कार्बाइडचं टोक लावून दाराची वरची कड घासायची. सिलिंडरच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा जेमतेम केसाएवढा कठीण मुलामा असतो. तो कडेला उडाला की रिंग त्यात अडकून तुटते. त्यामुळे घासलेली प्रत्येक कड गोलसर करावी लागते, आणि काम बिघडवायला हात एकदा घसरला तरी पुरतो.

आता दुसऱ्या पक्षाचा दावा: संगणक सांभाळून घेईल. काही हद्दीपर्यंत ते खरं आहे. सायलेन्सरचं तोंड थोडं मोठं केलं, गॅस्केट काढली, तर करवत कॅलिब्रेट करायची आणि ती वाढलेल्या हवेला लागणारं पेट्रोल शोधून घेते. जुन्या पद्धतीत स्क्रू चुकवून पिस्टन जाळणाऱ्यांची संख्या काही कमी नव्हती, तेव्हा हा फायदा मोठाच आहे. पण कार्ब्युरेटरच्या जेटमधून जास्तीत जास्त जेवढं पेट्रोल जाऊ शकतं, त्यापलीकडे संगणकाची सत्ता नाही. हवा त्या हद्दीपुढे गेली की पूर्ण भाराखाली मिश्रण पातळ पडतं, पिस्टन तापतो आणि धुराच्या बाजूने सिलिंडरला घासून पकडतो. त्याहून मोठा धोका असा की संगणक रोग झाकतो. जुन्या करवतीत क्रँकचं सील गळायला लागलं की आयडलिंग वर चढायचं, थ्रॉटल सोडला तरी फेरे उतरायचे नाहीत, आणि माणूस सावध व्हायचा. आता आत शिरणाऱ्या जास्तीच्या हवेला संगणक गुपचूप पेट्रोल पुरवत राहतो. करवत चांगली चालते, हद्द संपेपर्यंत. म्हणून संगणक असलेल्या करवतीवर हत्यार चालवण्याआधी क्रँककेसची दाब आणि निर्वात अशा दोन्ही चाचण्या करणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे, आणि त्या न करणाऱ्या मेकॅनिककडे करवत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाढलेली ताकद मोजतात कशी, हाही वादाचा मुद्दा आहे. मोकळ्या करवतीचे फेरे दाखवून ‘बघा, किती वाढली’ म्हणणं सोपं आहे. तीन अष्टमांश इंचाच्या साखळीला सात दातांचं चक्र असेल तर क्रँकच्या एका फेऱ्यात साखळी १३ सेंटिमीटर सरकते. १३,५०० फेऱ्यांना ती सेकंदाला २९ मीटरहून जास्त धावते, १०,००० ला सुमारे २२. पण मोकळ्या फेऱ्यांवर कुणी लाकूड कापत नाही. बार खोडात रुतल्यावर फेरे किती टिकतात, त्यालाच किंमत. खरी कसोटी म्हणजे एकच ओंडका, एकच बार, तीच साखळी आणि घड्याळ. इथे आणखी एक गोष्ट नजरेआड होते. इंजिनाची ताकद लाकडापर्यंत पोचते ती दातांतून. ऑरेगनचे लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एक अळी लाकूड डावीउजवीकडे कुरतडत पोखरताना बारकाईने बघितली आणि तिच्या जबड्यांवरून नव्या आकाराचा दात तयार केला. १९४७ मध्ये त्यांनी ती साखळी विकायला काढली. आजची जवळपास प्रत्येक साखळी त्याच वंशातली आहे. दाताची धार गेली आणि त्याच्या पुढचा उंचवटा नीट घासलेला नसला, तर पोर्टिंगने मिळालेला अर्धा किलोवॅट नुसता धूर आणि भुकटी काढण्यात जातो.

यावर व्यावसायिक लाकूडतोड्यांचा आक्षेप वजनदार आहे. त्यांचं म्हणणं, धार आम्हाला लावता येते. आम्हाला हवी आहे ती मोठ्या करवतीची ताकद लहान करवतीच्या वजनात, कारण दिवसभर डोंगरउतारावर ती उचलायची आम्हाला आहे. स्टिलच्या एमएस ४६२ चं वजन बार न लावता ६ किलो, ताकद ४.४ किलोवॅट. एमएस ६६१ ची ताकद ५.४ किलोवॅट, पण वजन ७.४ किलो. या जवळपास दीड किलोसाठीच पोर्टिंगचा धंदा वाढला, आणि ही गरज खरी होती. पण २०१९ मध्ये बाजारात आलेल्या एमएस ५०० आय ने हे गणित बरंच बदललं. तिच्यात कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनने जातं. ७९.२ सीसी, ५ किलोवॅट आणि ६.२ किलो. बदल करून मिळवायची ती बरीचशी ताकद आता कारखान्यातूनच मिळते, तीही वॉरंटीसकट.

मग कंपनीने उरलेली ताकद का राखून ठेवली, ती आपण का काढू नये, असं कुणी विचारेल. तिने ती उगाच राखून ठेवलेली नाही. ५० सीसी आणि त्यावरच्या हातातल्या इंजिनांना अमेरिकेत आणि युरोपात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोवॅट-तासाला ७२ ग्रॅमची मर्यादा आहे. जुनं टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलचा मोठा हिस्सा न जाळताच बाहेर फेकत असे, आणि तो धूर सर्वांत आधी जातो करवत धरणाऱ्याच्याच नाकात. उत्सर्जनाच्या नियमांसाठी बसवलेला भाग काढणं किंवा निकामी करणं अमेरिकेच्या हवा-कायद्यानुसार बेकायदा आहे. सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी तर कायद्याच्याही आधी अकलेचा विषय आहे. अमेरिकी वनखात्याच्या जंगलात तिची भोकं ०.०२३ इंचांहून मोठी चालत नाहीत, कारण वाळलेल्या सुयांच्या थरावर पडलेली एक ठिणगी वणवा लावते. ताकदीसाठी पहिल्यांदा हीच जाळी काढली जाते, आणि मला त्यात काहीही समर्थनीय दिसत नाही. शर्यतीची गोष्ट वेगळी. टिंबरस्पोर्ट्स या लाकूडतोडीच्या स्पर्धेतल्या ‘हॉट सॉ’ प्रकारात मोटरसायकलच्या किंवा बर्फगाडीच्या जातीची इंजिनं लावलेल्या करवती काही सेकंदांत ओंडक्याच्या तीन चकत्या पाडतात. तिथे कारागिराने आपलं सगळं कसब खुशाल पणाला लावावं. त्याच स्पर्धेत ‘स्टॉक सॉ’ नावाचा प्रकारही आहे. तिथे सगळ्यांना सारखी, न बदललेली करवत देतात, तरी वेळा वेगवेगळ्या येतात.

तेव्हा पोर्टिंगसाठी करवत कुणाकडे देण्याआधी फिल्टर साफ करा, साखळीला नीट धार लावा, करवत कॅलिब्रेट करा आणि एका ओंडक्यावर घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. काम करून परत आणल्यावर त्याच ओंडक्यावर, त्याच साखळीने, पुन्हा धार लावून तीच कसोटी घ्या. लाकडात फरक दिसला नाही, तर मोकळ्या फेऱ्यांचा आकडा कितीही चढलेला असो, ताकद वाढलेली नाही.