सुताराच्या कपड्यांवरचे डाग

1901 च्या जुलैत जर्मनीतल्या र्‍यूगेन बेटावर दोन लहान भावांचा खून झाला. संशय लुडविग टेस्नोव नावाच्या सुतारावर गेला. त्याच्या कपड्यांवर डाग होते. ‘लाकडाला द्यायचा रंग आहे तो,’ असं त्यानं सांगितलं. सुतारच तो, पटण्यासारखंच होतं. तीन वर्षांपूर्वी ओस्नाब्रुकजवळ दोन मुलींचा खून झाला तेव्हाही त्यानं हेच उत्तर दिलं होतं आणि तो सुटला होता. या वेळी कपडे ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या पाउल उलेनहूट यांच्याकडे गेले.

डाग लाल राहत नाही

मालिकांमधलं रक्त शेवटच्या भागापर्यंत लालभडक असतं. खरं रक्त सुकता सुकता तपकिरी होतं, कारण हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन मेथिमोग्लोबिन बनतं. आठवडाभरानं तो डाग गंजाचा, काताचा की पानाच्या पिंकेचा, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न साधाच असतो: हे रक्त आहे का?

गुलाबी रंगाची घाई

याचं झटपट उत्तर कॅसल-मेयर चाचणी देते. तिच्यातलं रसायन आपल्या ओळखीचं आहे. शाळेत आम्लारीत टाकल्यावर गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन इथे आधी जस्ताबरोबर उकळून रंगहीन केलेलं असतं. गाळणकागदाची घडी डागावर हलकेच घासायची, तिच्यावर या द्रावणाचा थेंब सोडायचा आणि थांबायचं. काहीच घडलं नाही, तरच हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. रक्तातलं हीम पेरॉक्साइडची क्रिया वेगानं घडवून आणतं आणि काही सेकंदांत कागदावर गर्द गुलाबी ठिपका उमटतो.

पेरॉक्साइडच्या आधीच रंग आला, तर डागात दुसरंच काही ऑक्सिडीकारक आहे. बर्‍याच वेळानं आला, तर तोही धरायचा नाही, कारण हे द्रावण नुसत्या हवेनंही हळूहळू गुलाबी होतं. शिवाय बटाट्याच्या रसातही असंच काम करणारं विकर असतं. स्वयंपाकघरातला सुरा तपासताना हे विसरून चालत नाही. अंधारात निळसर चमकणार्‍या ल्युमिनॉलचीही तीच गत. पुसून काढलेलं रक्त ते दाखवतं खरं, पण ब्लीचिंग पावडरनं धुतलेली फरशीही त्यानं उजळते. म्हणून या चाचण्यांचा निकाल ‘रक्त असू शकतं’ एवढाच समजायचा.

माणसाचं की मेंढीचं?

उलेनहूट यांनी आपली पद्धत त्याच वर्षी प्रसिद्ध केली होती. सशाला माणसाच्या रक्तातली प्रथिनं टोचली की त्याच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्या सशाचा रक्तरस (सीरम) आणि सुकलेल्या डागाचा मिठाच्या पाण्यात काढलेला अर्क एकत्र केले की मिश्रण गढूळ होतं, पण रक्त माणसाचं असेल तरच. (जवळच्या वानरांचं रक्तही फसवू शकतं, पण जर्मन बेटावर ती शंका कोण काढणार?)

टेस्नोवच्या कपड्यांवर लाकडाचा रंग होता, तसंच माणसाचं आणि मेंढीचं रक्तही निघालं. या खुनांच्या थोडंच आधी त्या बेटावर कुणीतरी मेंढ्या कापून टाकल्या होत्या. टेस्नोवला मृत्युदंड झाला.

गट आणि डीएनए

1915 मध्ये इटलीत लिओने लाट्टेस यांनी सुकलेल्या डागातून एबीओ रक्तगट ओळखायची रीत बसवली. तिनं निर्दोष माणूस सुटायचा, पण दोषी पक्का होत नव्हता, कारण एकच गट लाखोंचा असतो. ती उणीव 1980 च्या दशकात डीएनए चाचणीनं भरून काढली. गंमत म्हणजे रक्ताला लाल करणार्‍या पेशींचा इथे उपयोग नाही. माणसाच्या पक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे डीएनए मिळतो तो पांढर्‍या पेशींतून.

प्लॅस्टिकची पिशवी

माझ्या मते निम्मी लढाई प्रयोगशाळेबाहेरच ठरते. ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की दमट हवेत बुरशी आणि जिवाणू रक्तावर ताव मारतात. म्हणून कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा आणि पंचांसमोर लाखेचं सील करायचं. डाग भिंतीवर असेल, तर ऊर्ध्वपातित पाण्यानं ओलसर केलेल्या कापसावर तो टिपायचा. शेजारच्या स्वच्छ जागेचाही वेगळा नमुना घ्यायचा, नाहीतर भिंतीच्या चुन्यानं काय केलं आणि रक्तानं काय, हे नंतर कळत नाही.

सीए रिपोर्ट

आपल्याकडच्या कोर्टात केमिकल अ‍ॅनलायझरच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. मुंबईत तो कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून येतो. त्यात ‘रक्तगट निश्चित करता आला नाही’ असा शेरा दिसला की बचाव पक्षाच्या वकिलाला हुरूप येतो. राजस्थानातल्या एका खून खटल्यात दोन कुर्‍हाडी जप्त झाल्या होत्या. एकीवरचं रक्त माणसाचं निघालं, दुसरीवरचं विघटित झाल्यामुळे कुणाचं ते ठरवता आलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये म्हटलं की, उगम कळला नाही एवढ्यावरून ते माणसाचं रक्त नव्हतंच, असं धरता येणार नाही.